गार्डचा निळा डबा

पनवेलच्या जुन्या भागात आमच्या घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लावायचं ठरलं, तेव्हा तिच्यावर काय लिहायचं यावरून घरात बरेच दिवस खल चालला होता. नवऱ्याचं म्हणणं, इंग्रजीत काहीतरी वजनदार लिही. सासूबाईंचं म्हणणं, सरळ ‘खेळणी’ लिही, निदान गिऱ्हाईक तरी येईल. शेवटी मी पेंटरकडून लिहून घेतलं, ‘रेल्वेचे छोटे डबे जोडून व रंगवून मिळतील’. त्यानंतर सुरुवातीला जी माणसं आली ती सगळी तत्काळचं तिकीट मिळेल का विचारायला आली. मी नाही म्हटल्यावर एकाने तर ‘मग पाटीवर रेल्वे कशाला लिहिलीत?’ म्हणून मलाच झापलं. पाटी मात्र मी बदलली नाही. जे काम करते तेच लिहिलं होतं आणि ते काम मला चांगलं येत होतं.

हे काम मी कुठल्या शाळेत शिकले नाही. खारघर-कामोठे उभं राहत होतं त्या काळात बिल्डरांना साइट ऑफिसात, काचेच्या पेटीत ठेवायला इमारतींच्या प्रतिकृती लागायच्या. तशा करून देणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं होते. अॅक्रिलिकच्या बाल्कन्या कापायच्या, बोटाच्या पेरावर मावतील अशा मोटारी रंगवायच्या आणि बिल्डर सांगेल तिथे झाडं लावायची. झाडं सांगायला बिल्डर फार उदार. अजूनही त्या इमारतींखालून जाताना मी हटकून मान वळवून बघते. माझ्या झाडांच्या जागी सगळीकडे पार्किंग आहे. थोडं वाईट वाटतं, पण झाडं खोटी होती हे मला लावतानाही ठाऊक होतं.

पहिला डबा माझ्याकडे आला तो इक्बालभाईंमुळे. हे आमच्याच आळीतले, अर्धं आयुष्य आखातात, दोह्यात नोकरी केलेले. दर सुट्टीत तिकडून काहीतरी नवलाचं घेऊन यायचे. एकदा एक खोकं माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “बहन, या खोक्यात रेलगाडीचा डबा आहे असं दुकानदार कसम खाऊन सांगत होता. मला तर नुसत्या काड्या दिसतात.” झाकणावर सुंदर डब्याचं चित्र होतं आणि आत खरंच काड्या होत्या.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. किट म्हणजे डब्याचे सुटे भाग. दोन बाजू, दोन टोकं, छत, तळ, चाकांच्या गाड्या, बाकं, पायऱ्या, दांडे असे सगळे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीत काड्यांना चिकटलेले येतात. ते एकेक करून कापायचे, कापलेल्या जागेची गाठ कानशीने उतरवायची, जोडून बघायचे, बसत नसले तर पुन्हा घासायचे. डिंक इथे चालत नाही. पाण्यासारखं एक द्रावण ब्रशने सांध्यावर टेकवायचं, ते आपोआप फटीत शिरतं आणि दोन्ही कडा विरघळून एक होतात. एक थेंब जास्त झाला की भिंतीवर तुमच्या बोटाचा ठसा कायमचा उमटतो. मग सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा आणि डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं. बोटाला सांधा लागला नाही की समजायचं, आता रंगाला हरकत नाही. खरा डबा सत्त्याऐंशी पट लहान केला की जेवढा होईल तेवढा, म्हणजे एक वीत आणि वर चार बोटं, असा माझा डबा.

इक्बालभाईंचा तो पहिला डबा मी आपल्याकडच्या रंगात रंगवला आणि मिरवायला म्हणून खिडकीत ठेवला. आळीतले एक निवृत्त तिकीट तपासनीस रस्त्यातच थांबले, आत वाकून बघितलं आणि हसत सुटले. “वहिनी, संडासाच्या खिडकीला पारदर्शक काच? प्रवाशांची काही अब्रू ठेवा की!” मी ती काच काढून दुधी बसवली आणि त्या दिवसापासून एक नियम केला. तशा डब्यात ज्याने नोकरीचे दिवस काढलेत, अशा एखाद्याला दाखवल्याशिवाय डबा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. स्वयंपाकाचा डबा असेल तर स्वयंपाकी शोधायचा, टपालाचा असेल तर टपालवाला. गिऱ्हाइकांना हा माझा नखरा वाटायचा. वाटू दे म्हटलं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. एका डॉक्टरांनी डबा अगदी खऱ्यासारखा करा म्हणून बजावलं. मी तो रंगवून झाल्यावर खडूची पूड आणि गेरू पातळ करून छतावर धूळ, चाकांजवळ गंज, दारांखाली पायांचे डाग असं सगळं काढलं. ते करायला डबा जोडण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता. डॉक्टर घेऊन गेले आणि संध्याकाळी परत आले. म्हणाले, “काम छान आहे, पण जरा धुऊन द्याल का? हिला घाण वाटतंय.” मी दिला धुऊन. मनात म्हटलं, यांच्या घरात खरी रेल्वे यायला अजून वेळ आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले त्या डब्याकडे येते.

गणपतीला दीडेक महिना असताना कोन गावाकडचे हसुरामशेठ माझ्याकडे आले. सत्तरीला टेकलेला, रुंद खांद्यांचा माणूस. एके काळी भातशेती, मिठागरं, आता जमिनी आणि गाळे. गाडी तळ्याच्या कडेला लावून, काखेत खोकं मारून चालत आले होते. जावई बोटीवर नोकरीला, त्याने परदेशातून आणलेलं ते किट होतं.

“बाय, मना गार्डचा डबा पायजे,” ते म्हणाले. “गाडीच्या मागं असतो तो. निला.”

“घरात ठेवायला?”

“गनपतीपुढं.”

मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे पनवेल-उरणच्या गावांत गणपतीची आरास म्हणजे चढाओढ असते. कुणाचा धबधबा वाहतो, कुणाचा उंदीर मान हलवतो, मग कुणाची आगगाडी पळाली तर बिघडलं कुठे. मी विचारलं, इंजिन कुठलं घेणार, रूळ किती लागतील, गाडी गोल फिरवायची की पुढे-मागे?

“इंजिन नको. येकच डबा. हाललाबी नाय पायजे.”

नुसता गार्डचा डबा, तोही उभा. एवढी वर्षं या धंद्यात काढून असं गिऱ्हाईक मी बघितलं नव्हतं. पण निम्मी गिऱ्हाइकं विक्षिप्त असतात आणि उरलेली निम्मी लपवतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

किट होतं युरोपातल्या प्रवासी डब्याचं. आपले ते जुने निळे डबे मूळ तिकडच्याच आराखड्याचे भाऊबंद, त्यामुळे अंगकाठी जुळत होती. बाकी सगळं बदलायचं होतं. गार्डच्या डब्यात काही भाग सामानाचा, काही प्रवाशांचा आणि एका कोपऱ्यात गार्डची केबिन. म्हणजे काही खिडक्या बुजवायच्या, सामानाची रुंद दारं कापायची आणि उरलेल्या खिडक्यांना गज लावायचे. परदेशात खिडक्यांना गज नसतात, तिथले लोक स्टेशनवर खिडकीतून आत शिरत नसावेत. गज विकत मिळत नाहीत. भाग कापल्यावर उरलेल्या प्लॅस्टिकच्या काड्या मी मेणबत्तीवर धरते आणि मऊ झाल्या की दोन्ही हातांनी सर्रकन ओढते. केसाएवढी तार निघते. एका सरळ तारेसाठी चार वाकड्या फेकाव्या लागतात. हे माझं सगळ्यात आवडतं काम, आणि ते माझ्याइतकं सरळ कुणाला जमताना मी पाहिलेलं नाही. हल्ली यंत्रातून छापलेले तयार गज मिळतात म्हणे. मिळोत बापडे.

हसुरामशेठ बाजारात आले की माझ्याकडे डोकवायचे. मग डोकावणं जाऊन बसणं सुरू झालं. स्टूल ओढायचे आणि तासभर माझे हात बघत बसायचे. बोलणं फार नाही. ज्या दिवशी मी गार्डची केबिन आतून सजवत होते, त्या दिवशी मात्र ते भिंग मागून जवळ सरकले. एक बाक, एक फळी, हातब्रेकचं चाक, ब्रेकचा दाब दाखवणारं घड्याळ आणि दोन्ही बाजूंना एकेक दार. झालं.

“हितं कोन कोन असतं?” त्यांनी विचारलं.

“गार्ड एकटाच.”

“आनि पुढं जायाला वाट?”

“वाट नाही. गाडी थांबली की खाली उतरायचं, तेवढंच.”

“मंग त्याच्या घरी काय झालं, निरोप आला, तर?”

“तर काय, दुसरा गार्ड येऊन गाडी ताब्यात घेईपर्यंत त्याला गाडी सोडता येत नाही. त्याने झेंडा दाखवला नाही तर गाडी हलत नाही. आत हजारभर माणसं बसलेली असतात, त्यांना काय सांगणार?”

हसुरामशेठनी भिंग खाली ठेवलं. आणि चहा न घेताच ते उठून गेले. मला वाटलं, काही चुकलं की काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडायच्या आत ते पायरीवर बसलेले होते. आत आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं. त्यांचा धाकटा भाऊ दामोदर रेल्वेत गार्ड होता. काही वर्षांपूर्वी भर मे महिन्यात त्यांची आई गेली तेव्हा दामोदर कोकणात जाणाऱ्या गाडीवर होता. निरोप धाडला, वाट बघितली. उन्हाळ्याचे दिवस, मयत किती वेळ ठेवणार? शेवटी उरकावं लागलं. दामोदर पोचला तेव्हा सगळं थंड झालं होतं.

“भावकी सगली बसलेली व्हती,” हसुरामशेठ म्हणाले. “आनि मी सगल्यांसमोर बोललो, बाय. तुला आयपेक्षा तुजा डबा मोटा झाला, असं बोललो. मना वाटलं, यानं मनावर घेतलं असतं तर उतरून येता आलं असतं. येस्टी धरायची, ट्रक धरायचा. तो काय बोलला नाय. निघून गेला. त्या दिवसापासून माज्या दारात पाय नाय.”

सख्खा भाऊ गार्ड, आणि गार्ड म्हणजे काय ते या माणसाला एक वीतभर डब्यावरून कळावं, याचं मला नवल वाटलं. पण मग मनात आलं, आपल्याच घरातली माणसं कामावर जाऊन नेमकं काय करतात हे आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं? माझ्या नवऱ्याला विचाराल तर बायको दिवसभर काड्या कापते एवढं तो सांगेल.

“मग हा डबा माफीचा,” मी म्हटलं.

“माफी मना तोंडानं मागता येत नाय,” ते सरळ म्हणाले. “पयलं वाटलं व्हतं, त्याचा डबा देवाशेजारी ठेवला म्हंजे त्याचा मान ठेवला. काल तुमी ते सांगितलं, आनि मना रातभर झोप नाय. माजं बोलनं नुसतं कडू नव्हतं, खोटंबी व्हतं.”

घाई कशाची होती तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या कुळात एकच गणपती, तो मोठ्या घरी. दामोदर आता निवृत्त होऊन कामोठ्याला राहायला आला होता आणि त्याने यंदा पेणला स्वतःची वेगळी मूर्ती सांगितल्याचं कानावर आलं होतं. “येकदा दुसरा गनपती बसला की तो उठत नाय, बाय. मंग आमी गेल्यावर पोरांची पन दोन घरं. आमचा बाप गेला तवा पन आमी गनपती वाटला नाय.”

“आणि दामोदररावांना डबा कळणार कसा?”

“देकावा बगायला गाव येतो. कुनी ना कुनी सांगंल त्याला.”

“शेठ, गाव बघायला येईल तोवर त्यांचा गणपती कामोठ्याला बसलेला असेल.”

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढा जमिनींचे व्यवहार करणारा माणूस, पण या एका बाबतीत पार गोंधळून गेला होता. मी त्यांना माझा नियम सांगितला. डबा देण्याआधी तो मी त्यातल्या माणसाला दाखवते. गार्डचा डबा आहे, तेव्हा गार्डच लागेल. नंबर द्या.

फोनवर मी काही लपवाछपवी केली नाही. कोण बोलते, काय काम करते आणि डबा कुणी सांगितलाय ते स्वच्छ सांगितलं.

“मला त्यात काही सांगायचं नाही,” दामोदरराव म्हणाले. आवाज अगदी नोकरीतला, मोजका.

“नका सांगू. पण मी आजवर गार्डच्या केबिनमध्ये पाऊल ठेवलेलं नाही, फोटो बघून केलंय. चुका असणारच. तुमच्या घरच्या गणपतीसमोर चुकीचा डबा बसला तर तुम्हाला चालणार असेल, तर माझी काही हरकत नाही.”

मग म्हणाले, “परवा सकाळी पनवेलला माझं काम आहे. जमलं तर येतो.” काम वगैरे काही नसावं, असा मला तेव्हाच संशय आला.

आणि नेमका त्याच दुपारी माझ्यावर बाका प्रसंग आला. डबा रंगवून झाला होता. आधी खिडक्यांच्या पट्ट्यासाठी फिका निळा, तो पक्का वाळल्यावर त्यावर चिकटपट्टी आणि मग वरखाली गडद निळा. पट्टी काढल्यावर रेघ अशी सुरेख आली होती की मी नवऱ्याला हाक मारून दाखवली. मग पाण्यात सुटणारी बारीक अक्षरं बसवली. राहिला होता फक्त वर्निशचा हात. बाहेर पाऊस, हवा ओलीकच्च. अशा हवेत वर्निश मारायचं नाही हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण परवा सकाळ डोळ्यांसमोर होती. मारलं. आणि बघता बघता सगळा डबा दूध सांडल्यासारखा पांढरा पडला. निळा रंग, अक्षरं, ती सुरेख रेघ, सगळं धुक्यात गेलं.

हे का होतं ते सांगते. वर्निशमधलं थिनर भराभर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार होतो, आणि हवेतलं पाणी त्यावर बसून वर्निशमध्ये अडकतं. घासून काढायचं तर खालची अक्षरं जाणार. पुन्हा रंगवायला वेळ नाही आणि दुसरं किट मागवायला तर नाहीच. हसुरामशेठ स्टुलावर बसलेले होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, “गेला का डबा?”

“गेलेला नाही,” मी म्हटलं. “तुम्ही गाडी आणलीय ना? कळंबोलीला चला.”

कळंबोलीला ट्रक रंगवणाऱ्यांच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे सावकाश उडणारं एक थिनर मिळतं. पावसाळ्यात ट्रकवाले तेच रंगात घालतात. ते घेऊन आलो. माझ्याकडे पापड-कुरडयांची एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दोन बल्ब लावून मी सुकवण्याचं कपाट केलंय. डबा त्यात ठेवून अंगाला कोमट लागेपर्यंत गरम केला. मग त्या थिनरचा अगदी विरळ फवारा, जणू नुसती वाफ, लांबून मारला. यातली मेख अशी, की फवारा कमी झाला तर पांढरेपणा जात नाही आणि जास्त झाला तर वर्निशबरोबर खालचा रंग आणि अक्षरं वाहू लागतात. हाताला अंदाज असावा लागतो. पहिल्या फवाऱ्याला काहीच झालं नाही. हसुरामशेठनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या फवाऱ्याला एका कोपऱ्यातून निळा रंग वर यायला लागला आणि धुकं विरावं तसा पांढरेपणा सरकत सरकत दुसऱ्या टोकापर्यंत गेला. एक अक्षर हललं नव्हतं. मी डबा पुन्हा पेटीत ठेवला. फुशारकी वाटेल, पण लिहिते. त्या दिवशी पनवेलमध्ये हे काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

ठरल्या दिवशी, चतुर्थीच्या दोन दिवस आधी, दामोदरराव आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, ताठ मान. कोपऱ्यात स्टुलावर भाऊ बसलेला त्यांना दिसला, पण दिसला नाही असं दाखवून ते टेबलाशी आले. हसुरामशेठही जमिनीकडे बघत बसले. मी छत मुद्दाम चिकटवलं नव्हतं. ते उचलून बाजूला ठेवलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी तपासणी सुरू केली ती खऱ्या डब्याची करावी तशी, मागच्या टोकापासून. शेवटच्या डब्यावर लागतो तो ‘एल. व्ही.’चा, म्हणजे ‘लास्ट व्हेईकल’चा फलक बघून मान हलवली. खिडक्यांचे गज बघितले आणि गज कसे केले ते विचारलं. मी मेणबत्तीचं सांगितलं. “असं?” म्हणाले आणि पुन्हा वाकून बघितलं. मग केबिन. हातब्रेकचं चाक बरोबर, घड्याळ बरोबर, फळी थोडी उंच आहे. बाकावर मी पांढऱ्या कपड्यातला एक छोटा माणूस बसवला होता. तिथे भिंग थांबलं.

“हा बसलाय का?”

“का? गार्ड बसत नाही?”

“मधे बसतो. पण स्टेशनातून गाडी निघताना गार्ड दारात उभा असतो. बसून गाडी सोडणारा गार्ड मी बघितलेला नाही.”

“मंग उबा कर त्याला,” कोपऱ्यातून आवाज आला.

एवढ्या वर्षांत भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. दामोदररावांनी मागे वळून बघितलं नाही. माझ्याकडे उभ्या माणसांची पुडी होती. त्यातला एक पांढऱ्या कपड्यांचा शोधून मी चिमट्यासकट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बाकावरचा माणूस अलगद सोडवला, पायांना द्रावण लावून नवा माणूस दाराच्या खिडकीशी उभा केला आणि सरळ होईपर्यंत चिमट्याने धरून ठेवला. हात जराही हलला नाही. मग चिमटा खाली ठेवून त्यांनी त्या खिडकीवर करंगळीचं टोक टेकवलं. माझ्याशी शुद्ध बोलणारा माणूस एकदम गावच्या बोलीत आला.

“हितंच उबा व्हतो मी, दादा.”

हसुरामशेठ उठून टेबलाशी आले.

“आय गेल्याचं स्टेशनमास्तरनं हितं येऊन सांगितलं, खिडकीशी. सिग्नल मिलाला व्हता. दुसरा गार्ड कुटं हाय, इचारलं. पुढल्या मोट्या स्टेशनापरत नाय, म्हनाला. मी हिरवा झेंडा दाखवला, दादा. माज्या हातानं. आय गेली म्हाईत असून.”

मी पाठ फिरवून ब्रश धुवायला घेतले. ब्रश स्वच्छच होते.

“मना कलत नव्हतं रं,” हसुरामशेठ म्हणाले. “गार्ड म्हंजे काय ते मना कललंच नव्हतं. मी लय चुकीचं बोललो. सगल्यांसमोर बोललो.”

तोंडानं माफी मागता येत नाही म्हणणाऱ्या माणसाने ती मागितली होती. दामोदररावांनी खिशातून रुमाल काढून आधी भिंग पुसलं, मग डोळे.

“पेनला मी मूर्ती सांगितलीय,” ते म्हणाले.

“म्हाईत हाय.”

“त्यांना फोन करतो. कुनाला तरी लागंल.” मग भिंग टेबलावर ठेवत, “आपला गनपती कवा आनायचा? सकाली?”

“सकाली. पन माजे गुडगे गेले आता. डोक्यावर घ्यायला कोनीतरी पायजे,” हसुरामशेठ म्हणाले. त्यांना दोन तरणेताठे मुलगे होते, हे मी ऐकून होते.

“अनवानी चालायचं ना, पयल्यासारकं?”

“अनवानीच. पन रस्ता आता सिमिटाचा हाय, चटकं बसतील.”

“भादव्यात कसलं चटकं, दादा?”

असं काहीबाही बोलत दोघे पायरी उतरले. मी खिडकीतून बघत होते. तळ्याच्या बाजूला वळताना हसुरामशेठनी धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला, गुडघ्यांचं निमित्त होतंच. गाडीत बसले, गाडी निघून गेली. मी वळले तर डबा टेबलावरच. छत बाजूला पडलेलं, आत तो माणूस खिडकीशी उभा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा धावत येऊन डबा घेऊन गेला, तेही मी फोन केला म्हणून. मी आरतीला गेले तेव्हा तो देवाच्या उजव्या हाताला ठेवलेला बघितला आणि दोघा भावांच्या मधे बसून जेवलेही. त्यानंतर मी पुष्कळ डबे केले, काही परदेशात गेले, एका प्रदर्शनात शाबासकीही मिळाली. माझं काम लोकांनी भिंगाखाली धरून, उलटंसुलटं करून बघितलं. पण गिऱ्हाईक माझ्या टेबलावर विसरून गेलं असं काम तेवढं एकच, आणि मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचा आहे.